कोथरूड विकून वांद्र्याला जावे का?

कोथरूडमधील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा गोषवारा असा: वय ६३, राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. यजमान ६७ वर्षांचे. एकुलता मुलगा वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला असून सून आणि तीन वर्षांच्या नातीसह खारला भाड्याच्या घरात राहतो. २००१ च्या अखेरीस १४ लाखांना घेतलेला कोथरूडचा तीन बेडरूमचा फ्लॅट आज २ कोटी १० लाखांना जाईल, असे एजंट सांगतो. तो विकून वांद्रे पश्चिमेला, समुद्रापासून चार पावलांवर, ५२० चौरस फूट चटई क्षेत्राचा एक बेडरूमचा फ्लॅट घ्यावा, असे यजमानांच्या मनाने घेतले आहे. इमारत १९७४ ची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मागणी ३ कोटी ४० लाख. त्याच इमारतीत तेवढाच फ्लॅट नुकताच महिना ८५ हजार भाड्याने गेला. कोथरूडच्या घराला ४५ हजार भाडे येईल. ठेवी आणि इतर शिल्लक मिळून १ कोटी ८५ लाख, दोघांचे निवृत्तिवेतन मिळून महिना ७० हजार. यजमानांचे म्हणणे असे की, समुद्राजवळच्या जागेचा भाव कधी उतरत नाही, भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, वस्ती सुशिक्षित आणि सुखवस्तू आहे, आणि इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच असल्याने मोठे घर आणि लिफ्ट पुढे आपोआप मिळेल. दलालाने ५ लाखांचे टोकन मागितले आहे. भगिनी विचारतात, ‘तिथे मला मराठी शेजार मिळेल का? आणि हे सगळे म्हातारपणी अंगाशी तर येणार नाही ना?’

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचताना आयुष्य बँकेत गेल्याचे पदोपदी जाणवले. आकडे दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मात्र त्या आकड्यांआधी एक गाठ सोडवायला हवी. तुमच्या घरात दोन प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. नातीजवळ राहावे का, हा एक. आणि वांद्र्यात घर विकत घ्यावे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मनाने द्यायचे आहे आणि ते बहुधा ‘हो’ असेच आहे. दुसऱ्याचे उत्तर त्या ‘हो’च्या आडून आपोआप ‘हो’ होऊ देऊ नका, एवढेच माझे सांगणे आहे. पुढचा सगळा मजकूर त्याचाच विस्तार समजा.

यजमान ज्याला सुखवस्तू वस्ती म्हणतात, ती कशी बनली हे थोडे पाहू. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला आणि खाडीपलीकडचे वांद्रे मुंबईशी रस्त्याने जोडले गेले. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातली गर्दी टाळू पाहणाऱ्या अनेकांनी इकडे बिऱ्हाडे हलवली. १९१८ साली साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली आणि तिच्या भूखंडांवर मध्यमवर्गीय नोकरदारांचे बंगले उठले. त्याआधीपासून असलेली रणवार, पाली ही ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांची, गावठाणे आणि चिंबईचा कोळीवाडा आजही तिथेच आहेत. म्हणजे या उपनगराची श्रीमंती पुष्कळ अंशी जुन्या मालकीची आहे. वडिलांनी किंवा आजोबांनी कारकुनी पगारात घेतलेल्या घरात राहणारे, पागडीच्या खोलीचे नाममात्र भाडे भरणारे, मासेमारी करणारे आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोट्यवधी मोजून आलेले, असे सगळे एकाच पिनकोडात नांदतात. त्यांतले बहुसंख्य रहिवासी स्वतःचे घर आजच्या भावाने विकत घेऊ शकणार नाहीत. चौरस फुटाचा जो भाव दलाल सांगतो, तो शेजाऱ्यांच्या ऐपतीचा नसतो, अगदी अलीकडे आत शिरलेल्या माणसाच्या ऐपतीचा असतो. तुम्ही घर घेतले तर तो शेवटचा माणूस तुम्ही असाल.

लोकसंख्येकडे पाहिले की हेच दुसऱ्या बाजूने दिसते. वांद्रे, खार आणि सांताक्रूझ यांचा पश्चिमेकडचा भाग महापालिकेच्या एच पश्चिम विभागात येतो. या विभागाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ३७ हजार होती; २०११ मध्ये ती सुमारे ३ लाख ८ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत मुंबई उपनगर जिल्हा आठ टक्क्यांनी आणि पुणे जिल्हा तीस टक्क्यांनी वाढला, आणि वांद्र्याचे भावही चढतेच राहिले. भाव वाढतात आणि माणसे कमी होतात, यात विसंगती काही नाही. महाग वस्तीत घरे मोठी होतात, कुटुंबे लहान होतात, लग्न झालेली मुले त्या भावात दुसरे घर घेऊ शकत नाहीत म्हणून अंधेरी-बोरिवलीकडे नाहीतर थेट परदेशी जातात, आणि मागे आईवडील उरतात. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, तेव्हा ताजे आकडे मिळतील. पण हे चित्र समजायला तुम्हाला जनगणनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रभात रोडवरून किंवा भांडारकर रस्त्यावरून संध्याकाळी एक फेरी मारा. फाटकावर तीन नावांची पाटी, आत दिवा एकाच खोलीत आणि बाकाशी बसलेली मदतनीस बाई, हे दृश्य पुण्याने समुद्राशिवायच तयार केले आहे. अशा वस्तीत सुरक्षितता असते, शांतताही असते. पण ‘चांगली वस्ती’ म्हणजे म्हातारपणी दारावर थाप मारणारे शेजारी, हे समीकरण मला तरी पटत नाही. तुमच्या कोथरूडच्या इमारतीत वीस-बावीस वर्षांचे जे संबंध आहेत, त्यांची किंमत एजंटाच्या २ कोटी १० लाखांत धरलेली नाही.

मराठी शेजाराचा तुमचा प्रश्न संकोचाने विचारलेला दिसतो. संकोचाचे कारण नाही. आपल्या भाषेत दोन शब्द बोलणारे कोणी जवळ असावे, हे वाटणे साहजिक आहे. वांद्रे पश्चिमेला ते नशिबावर आहे. मराठी वस्ती प्रामुख्याने रुळांच्या पलीकडे, पूर्वेला आहे. मराठी साहित्यिकांनी वसवलेली साहित्य सहवास वसाहतही पूर्वेलाच. नाटकासाठी रेक्लमेशनला रंगशारदा आहे, पण यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाला पायी जाऊन येण्याची सवय असलेल्या माणसाला तो रस्ता संध्याकाळच्या वाहतुकीत लांबचा वाटेल. उलट, शेजारीण कॅथलिक किंवा सिंधी असली म्हणून मैत्री होणार नाही, असेही मुळीच नाही. फक्त त्या मैत्रीला काही वर्षे लागतात, आणि ती वर्षे तुम्ही कोणत्या वयात देणार आहात हे मोजून घ्या.

आता भावाबद्दल. समुद्राजवळची जागा मर्यादित आहे हे खरे; त्यावरून भाव उतरतच नाही असे म्हणता येत नाही. १९९५ च्या सुमारास मुंबईतील घरांचे भाव शिखराला पोहोचले आणि त्यानंतर कित्येक वर्षे उतरले. त्या शिखरावर खरेदी केलेल्यांना मुद्दल दिसायला बराच काळ थांबावे लागले. त्यांतले जे तिशी-चाळिशीत होते, ते थांबू शकले. वयाच्या सत्तरीत थांबणे परवडत नाही, कारण तेव्हा घर विकण्याची वेळ भावामुळे येत नाही, आजारपणामुळे येते. शिवाय साडेतीन कोटींच्या, लिफ्ट नसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या इमारतीतल्या एका बेडरूमला गिऱ्हाईक किती असतात, हेही विचारात घ्या. कागदावरचा भाव आणि तीन महिन्यांत हातात येणारी रक्कम यांत मोठे अंतर असते.

तुमचे आकडे पुढे मांडतो. घराचे ३ कोटी ४० लाख. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे २० लाख ४० हजार. घर केवळ तुमच्या एकटीच्या नावावर घेतले तर स्त्रियांसाठी असलेल्या १ टक्क्याच्या सवलतीने ३ लाख ४० हजार वाचतील. नोंदणीचे ३० हजार, दलालीचे दोन टक्के धरले तर ६ लाख ८० हजार, आणि पन्नास वर्षांच्या घराची फरशी, नळ, वायरिंग यांना १० लाख हा माझा अंदाज हात राखूनच आहे. बेरीज पावणेचार कोटींच्या वर जाते. कोथरूडचे पैसे वजा केले तरी १ कोटी ७० लाखांच्या आसपास तुमच्या गंगाजळीतून निघतील आणि मागे जेमतेम १५ लाख राहतील. त्या १ कोटी ७० लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला सुमारे १२ लाख व्याज आले असते, म्हणजे महिना जवळजवळ १ लाख. वांद्र्याच्या घरात तुम्ही ‘भाडे न भरता’ राहाल तेव्हा दरमहा एवढी रक्कम सोडून दिलेली असेल. भाडे पाण्यात जाते असे मानणाऱ्यांनी हा दुसरा नळही पाहायला हवा.

याउलट, त्याच इमारतीत भाड्याने राहिलात तर महिना ८५ हजार जातील, कोथरूडचे ४५ हजार येतील आणि फरक ४० हजारांचा पडेल. एवढा भार तुमचे व्याज सहज उचलते. कारण साधे आहे. वांद्र्याचे भाडे तिथल्या किमतीच्या वर्षाला तीन टक्के आहे. तेवढ्या दराने कोणतीही बँक कर्ज देत नाही आणि ठेवीवरही त्याहून अधिक व्याज मिळते. महाग उपनगरात भाडेकरू होणे ही बहुतेक वेळा घरमालकाने आपल्याला दिलेली सूट असते. या हिशेबात दोन वजावटी मात्र धरा. कोथरूडचे घर भाड्याने दिले की पुणे महापालिकेची, स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी मिळकतकरातील ४० टक्के सवलत जाईल. आणि भाड्याच्या उत्पन्नावर कर लागेल, अर्थात ३० टक्के प्रमाणित वजावटीनंतर. (यजमानांनी कदाचित ऐकले असेल की मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. आहे, पण तुमचा फ्लॅट ५२० चा आहे.)

विक्रीवरच्या कराचेही बोलू. चौदा लाखांचे घर २ कोटी १० लाखांना विकले तर नफा १ कोटी ९६ लाख, आणि महागाई निर्देशांकाचा लाभ (म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरणे) न घेता १२.५ टक्क्यांनी कर साडेचोवीस लाख, अधिक अधिभार आणि उपकर. निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरांना आहे, पण तुमच्या बाबतीत तो महाग पडेल. नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला, म्हणजे विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांच्या आत घर विकत घेतले, तर हा कर लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण नवे घर तीन वर्षांच्या आत विकले तर ती सवलत उलटते. समजा वांद्रे मानवले नाही आणि दोन वर्षांत परत यावेसे वाटले, तर हा कर, पुन्हा दलाली, आणि पुण्यात घर घेताना ७ टक्के मुद्रांक शुल्क, असे सगळे एकदम अंगावर येईल. कोथरूड न विकता गेलात तर परतीचा खर्च एका टेम्पोचा आहे.

रिडेव्हलपमेंटच्या आशेबद्दल मला थोडे कडक लिहावे लागेल. ‘होणारच आहे’ हे वाक्य विक्रेता फुकट बोलत नाही. त्याचे पैसे ३ कोटी ४० लाखांत लावलेले आहेत. समुद्राच्या इतक्या जवळच्या इमारतीला सागरी किनारा नियमन लागू होते. पहिली अधिसूचना १९९१ ची, नंतर २०११ आणि २०१९ ला नव्या आल्या. २०१९ च्या अधिसूचनेने शहरी भागातील चटई क्षेत्र निर्देशांकावरची (म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्या प्रमाणावरची) जुनी गोठवण उठवली, म्हणून आज किनाऱ्यालगत इतक्या इमारती पाडल्या जाताना दिसतात. तरीही परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि विमानतळामुळे उंचीवर मर्यादा असते ती निराळी. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा मानीव अभिहस्तांतरण झाले आहे का, हे विचारा. वांद्र्यात काही सोसायट्या सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत. तसे असेल तर पट्ट्याची मुदत आणि थकबाकी पाहा. २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण संमतीनंतर विकासक, आराखडा, परवानग्या, बांधकाम यांत पाच-सहा वर्षे सहज जातात. तेवढा काळ तुम्ही दोघे, सत्तरी ओलांडताना, विकासकाच्या भाड्यावर कुठेतरी तात्पुरत्या घरात असाल. नातीजवळ राहण्यासाठी घर घ्यायचे आणि नात दहा वर्षांची होईपर्यंत त्या घरात राहायला मिळायचे नाही, असे होऊ शकते.

आणि पुनर्विकास झालाच नाही तर? तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे बंधनकारक आहे. त्याचा अहवाल मागा. घर पाहायला जाल तेव्हा दिवाणखान्यातून समुद्र किती दिसतो हे यजमानांना पाहू द्या. तुम्ही बाथरूमच्या छताकडे आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूकडे पाहा. खाऱ्या हवेने आतली सळी गंजते, गंजली की फुगते आणि प्लास्टरचे पोपडे सोडते. ताज्या रंगाखाली लांबट, सरळ रेषेत गेलेली चीर दिसली, तर ती बहुधा सळीच्या मार्गावरची असते. खिडकीचे ग्रील हाताने हलवून पाहा. मग सोसायटीचे गेल्या वर्षभराचे मेंटेनन्स बिल मागून त्यात मोठ्या दुरुस्तीसाठी जादा वर्गणी कितीदा लावली आहे ते तपासा. आणि तिसरा मजला भाजीची पिशवी घेऊन एकदा चढा.

मुलाचे मत तुमच्या पत्रात कुठेच नाही, याचे मला राहून राहून नवल वाटले. तो स्वतः भाड्याने राहतो. वांद्रे-कुर्ला संकुलातली नोकरी उद्या बंगळुरूला किंवा सिंगापूरला गेली, तर तो जाईल का, हे त्याला सरळ विचारा. नाराज होऊ नका, फक्त उत्तर ऐका. नातीच्या शाळेचा निर्णय येत्या वर्षात होईल आणि त्यावरून ते कुठे राहणार हेही बरेचसे कळेल. पुढे घर त्यालाच जाणार म्हणून घ्यायचे, असा यजमानांचा विचार असेल, तर त्याला वांद्र्याचे एक बेडरूम हवे आहे की आईवडिलांनी आजारपणासाठी राखलेली गंगाजळी हवी आहे, हेही त्याच बैठकीत निघेल. सुनेलाही बसवा. नातीला सांभाळण्याची अपेक्षा दोन्ही बाजूंनी किती तासांची आहे, हे न बोलता गृहीत धरल्याने बिघडलेली घरे मी या सदराच्या निमित्ताने पुष्कळ पाहिली आहेत.

मग करावे काय? माझे मत असे की कोथरूड विकू नका. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर मुंबईत घर घ्या, करार रीतसर नोंदवा, आणि त्या अकरा महिन्यांत जून ते सप्टेंबर येतील असे पाहा, कारण पावसाळ्यातले वांद्रे हे डिसेंबरातल्या वांद्र्याहून वेगळे गाव आहे. कोथरूडचे घर पहिले सहा महिने रिकामे ठेवलेत तरी चालेल; तेवढे भाडे बुडाले तरी डोके शांत राहील. आणि वांद्र्याचाच आग्रह कशाला? खारहून लोकलने दोन स्टेशनांवर विलेपार्ले आहे. पार्ले पूर्वेला लिफ्ट असलेले घर भाड्याने मिळेल, दीनानाथ नाट्यगृह आहे, भाजीवाला मराठीत भांडतो, आणि नात रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर, गर्दीच्या वेळी अर्ध्या तासावर. यजमानांना समुद्रच हवा असेल तर संध्याकाळी फिरायला जुहूला जावे. त्यासाठी पावणेचार कोटी लागत नाहीत.

तुमच्यासारखी पत्रे अलीकडे वाढली आहेत. कोणाची मुले मुंबईत, कोणाची बंगळुरूला. त्या वाचकांनी आपापले आकडे घालून वरचा भाड्याचा आणि व्याजाचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. जिथे वर्षाचे भाडे किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत आहे आणि वय साठीच्या पुढे आहे, तिथे राहते घर विकण्याआधी एक वर्ष भाड्याने राहून पाहावे. सगळे हिशेब करूनही विकत घ्यायचेच ठरले, तर निदान पाच वर्षांचा घरखर्च आणि आरोग्य विम्याचे हप्ते बाजूला ठेवून जे उरेल, त्यातच घर बसवावे. नव्या घराच्या सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला असे समजू नये. मृत्युपत्र वेगळे करावे.

राहता राहिले दलालाचे टोकन. ५ लाख देऊ नका, ‘फक्त शब्दाला’ म्हणून ५१ हजारही देऊ नका. कन्व्हेयन्सची प्रत, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि गेल्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्ते मागा. तो म्हणेल की दुसरी पार्टी तयार बसली आहे. त्याला सांगा, अवश्य द्या त्यांना.